रंग गेलेलं पाणी

डॉ. केतकी तोडकरने आठ वर्षांत अकराशेहून अधिक शोधनिबंधांवर सही केली होती. सहीच्या वर एक छापील वाक्य असे. पहिल्या दोन-चार वेळा तिने ते वाचलं असेल, पुढे नाही. मंदिरासमोरून जाताना हात जसा आपोआप छातीशी जातो, तशी ती सही होऊन जायची.

२०४३ सालच्या मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी मात्र ती त्या वाक्यापाशी अडकली. 'या निबंधाच्या निष्कर्षाशी संबंधित असा कोणताही अप्रकाशित पुरावा माझ्या माहितीत नाही.'

तिने पेन खाली ठेवलं.

केतकी पुण्याहून निघणाऱ्या 'निर्मल' या नियतकालिकाची संपादक होती. स्वच्छ तंत्रज्ञान आणि पर्यावरणाची धोरणं हा त्याचा विषय. एके काळी असली नियतकालिकं लिहिणाऱ्यांखेरीज फारसं कोणी वाचत नसे. नदीत काय सोडावं, हवेत काय सोडू नये, यावर संशोधन छापून यायचं आणि त्याचा नियम व्हायला दहा-पंधरा वर्षं लागायची. समिती, मग उपसमिती, मग हरकती, मग कोर्ट. तोवर निबंध लिहिणारा निवृत्त झालेला असायचा आणि नदी मेलेली असायची.

सजीव मानक कायद्याने ते मधलं अंतरच काढून टाकलं. मान्यताप्राप्त नियतकालिकांत छापलेला प्रत्येक निबंध आता 'तुला' नावाच्या संगणक-यंत्रणेत जाई. तुला त्यातली आकडेमोड स्वतः पुन्हा करून बघे, आधीच्या सगळ्या संशोधनाशी ताडून पाही आणि निष्कर्षाला भार देई. शून्य म्हणजे काहीच विश्वास नाही, एक म्हणजे पूर्ण विश्वास. एखाद्या निष्कर्षाचा भार शून्य पूर्णांक सत्तरच्या वर गेला, की प्रदूषणाचं मानक आपोआप बदले. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी सकाळी सहा वाजता नवी मानकं लागू होत. कोणाच्या सहीची वाट नाही, कोणाच्या ओळखीचा उपयोग नाही.

तुला सगळं तोलू शके. फक्त जे कोणी कधी लिहिलंच नाही, ते तिला तोलता येत नसे. म्हणून संपादकाकडून ते एक वाक्य लिहून घ्यायची पद्धत पडली होती.

समोरचा निबंध आफरीन जमादार नावाच्या प्राध्यापिकेचा होता. ती शिरगुंडीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. शिरगुंडी हे यंत्रमागांचं आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसांचं गाव. तिथलं पाणी तांबरी नदीला मिळतं आणि तांबरी पुढे कृष्णेला. निबंध साधा होता, बायकी हस्ताक्षरातल्या वहीसारखा नीटनेटका. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या चार गावांत दोन वर्षांत दोनशे बारा बाळं जन्मली. प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी होतेच. पौष-माघात जन्मलेल्या बाळांमध्ये ही ग्रंथी मंद असण्याचं प्रमाण बाकी वर्षाच्या तिप्पट निघालं होतं. आणि नेमक्या त्याच महिन्यांत विहिरींच्या पाण्यात एक बिनरंगी, बिनवासाचं रसायन सापडलं होतं. आफरीनचं म्हणणं असं, की ते रंगभेदी फिल्टरातून येतं.

रंगभेदी फिल्टर डॉ. सुधाकर पोतनीसांचा. सर केतकीचे गुरू. तो तयार झाला तेव्हा प्रयोगशाळेत सरांच्या शेजारी उभी राहणारी विद्यार्थिनी होती केतकी.

त्या फिल्टराचं काम असं चाले. चिनीमातीच्या चकत्यांवर बुरशीपासून काढलेलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, चिकटवलेलं असे. रंगाचं पाणी त्यावरून वाहू लागलं, की विकर रंगाच्या रेणूचा मधोमध तुकडा पाडी. तुकडा पडला की रंग गेला. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत त्या दोन तुकड्यांचाही भुगा होई आणि पाणी खऱ्या अर्थाने निवळे. पाणी कोमट असेल तर दोन्ही पायऱ्या पाठोपाठ होतात. गार असेल तर पहिली होते, दुसरी रेंगाळते. मग पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तुकडे तसेच पुढे जातात.

हे शेवटचं आफरीनने अंदाज म्हणून मांडलं होतं. केतकीला अंदाज करायची गरज नव्हती. तिने ते पाहिलं होतं.

जानेवारी २०२१. टाळेबंदीनंतर प्रयोगशाळा नुकती उघडलेली, अर्धी माणसं घरीच. पाणी तीस अंशांवर ठेवणारं यंत्र बिघडलं, म्हणून तिने तीन प्रयोग तसेच, सतरा अंशांवर उरकले. पाण्यात काय काय आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर एक जास्तीचं टोक उमटलं. सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भांडं नीट धुतलं नसशील." तिने भांडं धुतलं. टोक परत आलं. पुन्हा धुतलं, पुन्हा आलं. तेवढ्यात यंत्र दुरुस्त झालं, तीस अंशांवर टोक नाहीसं झालं, आणि सर म्हणाले, "बघ, गेलं." चौदा ओळींचा तक्ता अकरा ओळींचा झाला. केतकीच्या वहीत मात्र चौदाही ओळी राहिल्या. त्या निबंधावर फिल्टराला मंजुरी मिळाली, केतकीला डॉक्टरेट मिळाली, आणि २०२९ पासून प्रत्येक प्रोसेस हाउसला तो फिल्टर सक्तीचा झाला.

"मॅडम, जमादारांचा निबंध पाठवायचा ना पुढे?" सहसंपादक निनाद गायधनीने दारातून विचारलं. "परीक्षकांनी होकार दिलाय. तुलेचा कच्चा भार शून्य पूर्णांक एकसष्ट येतोय, म्हणजे मानक काही बदलत नाही. नुसती नोंद होईल."

"दोन दिवस थांब," केतकी म्हणाली.

*

मिरजेला सरांच्या घरी ती दुपारी पोचली. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, पण दार स्वतः उघडत आणि चहा स्वतः करत. त्यांनी निबंध वाचला. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पहिल्या पानापासून वाचला.

"चांगली आहे पोरगी," ते म्हणाले. "नमुने थोडे आहेत, पण मांडणी स्वच्छ आहे. भार किती आलाय?"

"एकसष्ट."

"मग छाप की. पुढे आणखी आकडे येतील, तेव्हा बघता येईल."

"सर, छापायचा तर मला सही करावी लागते. की माझ्या माहितीत अप्रकाशित पुरावा नाही."

"माहितीत म्हणजे काय गं? बावीस वर्षांपूर्वीचं एक न धुतलेलं भांडं?"

"तीनदा धुतलं होतं, सर."

बाहेर कोणीतरी स्कूटर लावली, जिन्यावर पावलं वाजली, वरच्या मजल्याचं दार लागलं. मग ते म्हणाले, "ठाऊक आहे मला."

केतकीला वाटलं होतं की ते नाकारतील, चिडतील. त्याची तिने तयारी केली होती. याची नव्हती.

"तू तेव्हाची तांबरी पाहिली होतीस," सर म्हणाले. "सकाळी लाल, दुपारी निळी. गुरं तोंड लावत नव्हती. लोकांच्या हातापायांना फोड. त्या तीन ओळी तक्त्यात ठेवल्या असत्या, तर मंजुरी पाच वर्षं लांबली असती. पाच वर्षं त्या माणसांनी तेच पाणी प्यायलं असतं. मी दोन्ही बाजू तोलल्या, केतकी. झोपेत नाही केलं ते."

"तुम्ही तोललंत. पण कोणाला दाखवलं नाहीत."

"आणि तू? तू तरी कुठे काही बोललीस?"

"नाही बोलले," केतकी म्हणाली. "मला डिग्री हवी होती. आणि तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार, असं वाटायचं."

सरांनी निबंध मिटून तिच्याकडे सरकवला. "तुझी वही पुढे आली की भार सत्तर ओलांडेल. एका सकाळी सगळे फिल्टर बेकायदा. पंचवीस हजार माणसं घरी बसतील. चोरून पाणी सोडणारे सोडतीलच, आणि तांबरी परत लाल होईल. यंत्राला मधलं काही कळत नाही, हे किंवा ते. हे सगळं बघूनच सही कर, नाहीतर करू नकोस. मी तुला काही सांगणार नाही."

ती निघाली तेव्हा सर दारापर्यंत आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं.

मिरजेच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून तिने निनादला निरोप पाठवला : 'या निबंधाच्या कामातून मी बाजूला होत आहे. माझ्याकडे अप्रकाशित पुरावा आहे. आता मी संपादक नाही, साक्षीदार आहे.' पाठवून झाल्यावर तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. पिशवीत ती जुनी वही होती.

*

शिरगुंडीच्या कॉलेजात आफरीन जमादार बर्नरवर चहाचं आधण ठेवत होती. तेहतिशीची, किडकिडीत, बोलणं चटपटीत. पुण्याच्या संपादक स्वतः आल्यात म्हटल्यावर ती गडबडली. "मॅडम, नाकारलाय होय निबंध? तसं असलं तर ईमेल चाललं असतं की."

"नाकारला नाही," केतकी म्हणाली, आणि उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. बिघडलेलं यंत्र, सतरा अंश, तीन ओळी.

आफरीनने बर्नर बंद केला.

"म्हणजे बावीस वर्षं हे तुमच्या कपाटात होतं?"

"हो."

"मला हे कसं कळलं ठाऊक आहे? उपकेंद्रातल्या सिंधूताई नर्स म्हणाल्या, थंडीतली बाळं दूध ओढत नाहीत गं, मलूल असतात. त्या बाईनं स्वतःच्या रजिस्टरवर लाल खुणा केल्या होत्या. मग दोन वर्षं मी विहिरी फिरले, सुट्टीच्या दिवशी, लेकीला काखेत मारून." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "वेळेत कळलं तर या बाळांना एक गोळी पुरते, मॅडम. नाही कळलं तर पोर आयुष्यभर मागं राहतं. बावीस वर्षं नसू द्या, फिल्टर लागून चौदा वर्षं झाली. चौदा थंड्या. किती पोरं झाली असतील, काढा बरं."

केतकीने वही टेबलावर ठेवली.

आफरीनने ती ओढून घेतली आणि बोट ठेवून वाचू लागली. "दोन हजार एकवीस. मी अकरा वर्षांची होते तेव्हा." पान उलटलं. "टोक हेच आहे. अगदी हेच. माझ्या पाण्यात याच जागी येतं."

"तुमच्या निबंधासोबत ही टिपण म्हणून छापली, तर मानक बदलेल," केतकी म्हणाली. "तुम्हाला सांगून मगच पाठवणार आहे. इथं तुम्हाला राहायचंय."

"माझा नवरा इथल्याच प्रोसेस हाउसात डाइंग मास्टर आहे. सोहेल. प्रोसेस बंद पडली की पहिला तोच घरी येणार." आफरीन हसली, पण त्यात हसू नव्हतं. "त्याला मी निबंध पाठवायच्या आधी विचारलं होतं. तो म्हणाला, मला विचारू नको, मी नको म्हणेन. आणि मग तुला माझं ऐकावं लागेल."

तिने वही परत केली.

"पाठवा," ती म्हणाली. "पण त्यात एक लिहा. बाळांच्या तपासणीत दोष धरायची मर्यादा आधी खाली आणा म्हणावं, म्हणजे थोडा दोषही सुटणार नाही. फिल्टरचं काय व्हायचं ते होऊ द्या."

*

निबंध आणि टिपण एकाच दिवशी छापून आले. भार अठ्ठ्याहत्तर. जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी सकाळी सहाला रंगभेदी फिल्टरातून निघालेलं पाणी नदीत सोडायला बंदी झाली. सव्वासहाला शिरगुंडीतल्या पहिल्या प्रोसेस हाउसचा भोंगा वाजायचा, तो वाजला नाही.

सर म्हणाले होते तसंच बरंचसं झालं. बंदी छप्पन्न दिवस चालली. माग थांबले, कापडाचे गठ्ठे गोदामात पडून राहिले. फेब्रुवारीत एका सकाळी तांबरीच्या वळणावरचं पाणी गुलाबी दिसलं, कोणी सोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आफरीनच्या दारावर कोणीतरी कोळशाने शिवी लिहिली. सोहेलने ती पुसली आणि बायकोला सांगितली नाही. तिला ती विद्यार्थ्यांकडून कळली.

सरांचा फिल्टरावरचा मूळ निबंध मागे घेण्यात आला. केतकीच्या पदवीची चौकशी सुरू झाली, 'निर्मल'च्या दारावरची तिची पाटी निघाली. वर्तमानपत्रांनी एक दिवस तिला धाडसी म्हटलं, दुसऱ्या दिवशी विचारलं की इतकी वर्षं गप्प का होती. तो प्रश्न खरा होता. सरांना तिने तीन वेळा फोन केला. तो वाजून वाजून बंद पडला.

पण बाळांच्या तपासणीची मर्यादा पहिल्याच आठवड्यात खाली आली. चार गावांतल्या जुन्या थेंबांचे कागद पुन्हा तपासले, तेव्हा आधी सुटलेली एकोणीस मुलं निघाली. सिंधूताई एकोणीस घरी चालत गेल्या. सहा मुलं गोळीने सुधारतील, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या तेरा जणांबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

*

मार्चमध्ये 'निर्मल'कडे तीन पानांचं एक टिपण आलं. लेखक एकटेच : सुधाकर पोतनीस, मिरज. त्यांनी जुन्या प्रयोगशाळेतल्या दोन माणसांना हाताशी धरून पन्नास दिवसांत साठ प्रयोग केले होते. निष्कर्ष एका ओळीचा. फिल्टरात शिरणारं पाणी सव्वीस अंशांच्या खाली जाऊ दिलं नाही, तर दुसरी पायरी पुरी होते आणि विहिरीत जाणारं रसायन जवळजवळ नाहीसं होतं. त्यासाठी गच्चीवर उन्हाने पाणी तापवणाऱ्या नळ्या पुरतात. इतरांनी दोन ठिकाणी प्रयोग करून दुजोरा दिला, भार चौऱ्याहत्तरवर गेला, मानक सुधारलं. प्रोसेस हाउसांच्या छपरांवर नळ्या चढू लागल्या.

त्याआधी, टिपणाच्या छपाईच्या आदल्या दिवशी, निनादचा फोन आला. आता संपादक तो होता. त्याचा आवाज आनंदाने फुटत होता.

"मॅडम, सरांच्या टिपणाच्या शेवटी निवेदन आहे. वाचतो. '२०२१ मधील तीन निरीक्षणे वगळण्याचा निर्णय माझा एकट्याचा होता. माझी विद्यार्थिनी केतकी तोडकर हिने त्या वेळी स्पष्ट विरोध केला होता. तो मी जुमानला नाही.' मॅडम, संपली तुमची चौकशी! तुमची खुर्ची तुम्हाला परत. तुम्ही हे कधी बोलला नाहीत!"

'नंतर बोलते' म्हणत केतकीने फोन ठेवला.

तिने विरोध केला नव्हता. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती आणि त्यातल्या एकाने आत्ता उलट लिहून दिलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात एकदा तीन ओळी गाळल्या, त्याने आता एक ओळ घातली होती. तिच्यासाठी. ती गप्प बसली, तर सगळं सुरळीत होणार होतं. कोणाचं पाणी त्याने बिघडणार नव्हतं, कोणाचं बाळ आजारी पडणार नव्हतं. म्हातारपणी माणसाला काही फेडावंसं वाटतं, त्याला ते फेडू द्यावं, असंही तिला वाटलं. तिला रडू आलं, आणि ते सरांच्या मायेमुळे की स्वतःच्या मोहामुळे, हे तिला कळेना.

संध्याकाळी तिने आफरीनला फोन केला. आफरीनने ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही गप्पच बसला होता?"

"हो."

"मग मला कशाला विचारताय?" आफरीन म्हणाली. मग हळू आवाजात ती पुढे बोलली, "एकोणीस घरांतली माणसं तुमचं नाव वाचणार आहेत, मॅडम. चांगलं नाव वाचलं तर त्यांना बरं वाटेल. पण ते खोटं असेल."

टिपण छापून आलं, त्याच्या पुढच्याच अंकात वाचकांच्या पत्रांच्या पानावर दोन ओळी आल्या. 'डॉ. पोतनीस यांच्या निवेदनात माझ्याविषयी चूक आहे. मी विरोध केला नव्हता. मी गप्प राहिले. – केतकी तोडकर.' तुलेने त्यांची नोंद घेतली. कोणत्याच मानकाशी त्यांचा संबंध नसल्यामुळे भार शून्य दाखवला. चौकशी समितीने मात्र संबंध लावला. केतकीची पदवी राहिली, पण संपादकपद कायमचं गेलं.

*

चैत्रात ती मिरजेला गेली. न कळवता. दार उघडायला वेळ लागला. सर वाळले होते, भिंतीचा आधार घेत ते खुर्चीपर्यंत गेले. टेबलावर अंक होता, पत्रांच्या पानावर उघडलेला.

"एवढी एक ओळ राहू दिली असतीस तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले. "मला दुसरं काही देता येण्यासारखं नव्हतं तुला."

"कळलं होतं मला ते, सर."

"मग?"

"घेता नाही आली."

सरांनी अंक पुढ्यात ओढला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. प्रयोग फसल्यावर ते असेच बसत, पुढचा कसा करायचा हे ठरेपर्यंत.

"लिहायला किती वेळ लागला?"

"सहा दिवस."

"मला तेवढा वेळही लागला नव्हता," सर म्हणाले. "त्या तीन ओळी गाळायला. चहा पिऊन होईपर्यंत झालं होतं सगळं. त्या दिवशी तुला सांगितलं की दोन्ही बाजू तोलल्या. तोलणं मागाहून आलं, केतकी. वर्षानुवर्षं येत राहिलं."

सर सावकाश उठले, आणि तिला वाटलं की आता ते आत जातील. पण त्यांनी कपाटातून कोरी वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"जमादारबाईंना फोन लाव," ते म्हणाले. "नळ्या बसल्यावर विहिरींचं पाणी कसं आहे, ते विचार. आणि थंडीत तपासणी कोण करणार आहे तेही विचार. मला प्रत्येक विहिरीचा आकडा हवाय, वाईट असला तरी."

केतकीने फोन लावला. पलीकडे आफरीनचा आवाज आला, मागे वर्गातला गलका होता. "नऊ विहिरी झाल्यात, मॅडम," ती म्हणाली. "सातांत काही नाही. दोन अजून धड नाहीत. लिहून घेताय का?"

"घेतेय," केतकी म्हणाली, आणि तिने आधी त्या दोन लिहिल्या.